आजच्या ताटापासून महिन्याच्या धान्यापर्यंत : खान्देशातील शहरांत मोफत अन्नाची सोय कशी शोधावी

गेल्या पावसाळ्यात एका सरकारी रुग्णालयाच्या फाटकाशेजारी सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले एक आजोबा बसलेले दिसले. त्यांचा नातू आत दाखल होता आणि मांडीवर मुरमुऱ्यांची पिशवी होती. गेले तीन दिवस ते त्याच पिशवीवर काढत होते. ते बसले होते तिथून रस्ता ओलांडला की दुपारी दहा रुपयांत ताट मिळत होते, आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास त्याच फाटकावर एक मंडळ पोळ्या आणि वरण-भात वाटत असे. पण आजोबांना या दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या, आणि वाटपाच्या वेळी संध्याकाळी ते नातवापाशी वर असत. कोणी सांगितले नव्हते, आणि विचारायला त्यांना संकोच वाटत होता.

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार या शहरांत उपचारासाठी, मजुरीसाठी किंवा शिक्षणासाठी येणाऱ्या आणि काही दिवस हातात पैसा नसलेल्या माणसासाठी हा लेख लिहिला आहे. अशा माणसाला वाट दाखवणारा शेजारी, शिक्षक, परिचारिका किंवा रिक्षावाला यांनाही तो उपयोगी पडेल.

'अन्न बँक' हा शब्द आपल्याकडे आता फलकांवर दिसू लागला आहे. मूळ कल्पना अमेरिकेतील फिनिक्स शहरात १९६७ मध्ये सुरू झालेल्या अन्न बँकेची आहे. मोठ्या गोदामात धान्य व डबाबंद पदार्थ गोळा करायचे आणि तेथून गरजूंपर्यंत पोहोचवायचे, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या शहरांत 'रोटी बँक' किंवा 'अन्न बँक' असा फलक दिसला, तर त्यामागे बहुधा गोदाम नसते. एखादे तरुण मंडळ असते, त्यांच्याकडे एक गाडी व चार पातेली असतात, आणि घरोघरच्या पोळ्या किंवा लग्नातले उरलेले अन्न ते ठरलेल्या ठिकाणी वाटतात. म्हणून आपल्याकडे एका पत्त्यावर जाऊन सगळे मिळत नाही. आजचे जेवण एका ठिकाणी, आठवड्याची सोय दुसऱ्या ठिकाणी आणि महिन्याचे धान्य तिसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था विखुरलेली आहे. शोधही त्याच क्रमाने घ्यावा, कारण रिकाम्या पोटी तहसील कार्यालयाच्या खेपा होत नाहीत.

आज दुपारचे आणि आज रात्रीचे जेवण

दुपारसाठी सर्वांत आधी शिवभोजन केंद्र शोधावे. राज्य शासनाची ही योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. दहा रुपयांच्या ताटात ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असतो. ही केंद्रे मुद्दाम गर्दीच्या ठिकाणी, म्हणजे रुग्णालय, बस स्थानक, रेल्वे स्थानक, बाजार समिती आणि सरकारी कार्यालये यांच्या आसपास दिली गेली. वेळ दुपारची असते आणि ताटांची संख्या रोजची ठरलेली असते. त्यामुळे बारा वाजता गेलेल्याला ताट मिळते आणि दीड वाजता गेलेल्याला 'संपले' असे ऐकावे लागते. केंद्रावर नाव विचारून मोबाइलमध्ये फोटो घेतात. ती ताटांच्या हिशेबासाठीची नोंद असते, तिला घाबरण्याचे कारण नाही. केंद्रचालकाला शहरात प्रत्येक ताटामागे शासनाकडून ४० रुपये अनुदान मिळते आणि ते वेळेवर आले नाही की काही चालक केंद्र बंद ठेवतात. म्हणून दूरचे केंद्र गाठण्यापूर्वी जवळच्या चहावाल्याला किंवा रिक्षा थांब्यावर 'शिवभोजन चालू आहे का' एवढे विचारून घ्यावे. वर्षभरापूर्वीचा फलक अजून लटकत असतो आणि आतले स्वयंपाकघर बंद झालेले असते, असा अनुभव येतो.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण सरकारी सोयी बहुतेक दुपारच्या आहेत. रात्री उपयोगी पडतात त्या वाटप करणाऱ्या संस्था आणि गुरुद्वारा. गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये जात, धर्म, कागदपत्र यांतले काहीही विचारले जात नाही. डोके रुमालाने झाकावे, पादत्राणे बाहेर काढावीत, हात-पाय धुवावेत आणि पंगतीत बसावे. ताटात घेतलेले टाकू नये, एवढीच अपेक्षा असते. लंगरची वेळ प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती सेवादारांना विचारून लक्षात ठेवावी.

ज्याला राहायलाही जागा नाही, त्याने महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या बेघर निवारा केंद्राची चौकशी करावी. शहरी उपजीविका अभियानातून उभ्या राहिलेल्या या केंद्रांत झोपण्याची सोय असते आणि अनेक ठिकाणी जेवणाची सोय स्थानिक संस्थांच्या मदतीने होते. पत्ता पालिकेच्या कार्यालयात मिळतो, आणि रात्री उशीर झाला असेल तर रेल्वे स्थानकावरील पोलीसही तो सांगू शकतात. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर एकटे मूल उपाशी दिसले, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करावा. निराधार वृद्धांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

रुग्णासोबत आलेल्यांसाठी

खान्देशात मोफत जेवणाची सर्वांत मोठी गरज दवाखान्याच्या दारात दिसते. अक्कलकुवा, धडगाव, चोपडा, यावल, साक्री येथून माणूस जिल्ह्याच्या गावी येतो तो बहुधा रुग्णवाहिकेतून, अंगावरच्या कपड्यांनिशी येतो. सरकारी रुग्णालयात दाखल रुग्णाला आहार मोफत मिळतो, पण सोबतच्या नातेवाइकासाठी तशी सर्वसाधारण तरतूद नसते. पुष्कळदा रुग्णाचे ताट दोघांत वाटून खाल्ले जाते. त्यामुळे ज्याला अन्नाची सर्वाधिक गरज आहे, त्या आजारी माणसाच्याच वाट्याला अर्धे ताट येते.

काही गोष्टी मात्र हक्काच्या आहेत आणि त्या मागून घ्याव्यात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूत झालेल्या बाईला नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत मोफत आहार मिळायला हवा. तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या आईच्या जेवणाची आणि बुडालेल्या मजुरीची तरतूद असते. क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये बँक खात्यात मिळतात. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ही रक्कम ५०० रुपये होती. याशिवाय 'निक्षय मित्र' म्हणून नोंदलेल्या व्यक्ती व संस्था अशा रुग्णांना डाळ, तेल, धान्य यांचा शिधा देतात. हा शिधा आपोआप घरी येत नाही. क्षयरोग केंद्रातील कर्मचाऱ्याला 'माझ्यासाठी निक्षय मित्र आहे का' असे विचारावे लागते.

फाटकावरच्या वाटपाची माहिती डॉक्टरांपेक्षा वॉर्डातील मावशींकडे, सुरक्षारक्षकाकडे आणि शेजारच्या खाटेवर आठवडाभर असलेल्या कुटुंबाकडे जास्त असते. पहिल्याच दिवशी या तिघांना विचारावे. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते. औषधांच्या मदतीसाठी लोक त्यांच्याकडे जातात, पण कोणत्या संस्था कोणत्या वेळी डबे देतात याची माहितीही त्यांच्या खोलीत मिळते. वाटपाच्या रांगेत जाताना स्वतःचा डबा आणि ताटली न्यावी. वरण कागदी द्रोणातून जिन्याने वर नेताना सांडते, आणि डबा असला की रुग्णाशेजारी थांबलेल्या दुसऱ्या माणसासाठीही मागता येते.

पंगत आणि भंडारा

आपल्या भागात भंडारा म्हटले की वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी आलीच. हळद-ओवा घातलेल्या जाडसर पिठाच्या बट्ट्या उकडून तळायच्या, ताटात कुस्करून वर तुरीचे पातळ वरण ओतायचे आणि शेजारी भाजीचा गोळा घ्यायचा. असे एक जेवण मजुराला रात्रीपर्यंत पुरते. या पंगतीत बसायला आमंत्रण लागत नाही. 'बठा, जेवी ल्या' असे म्हणणारा माणूस कोण कोठला आहे हे विचारत नाही, आणि तिथे बसल्याने कोणाचा कमीपणा होत नाही, हे मी मनापासून सांगतो.

भंडारे शोधण्यासाठी दिवस लक्षात ठेवावे लागतात. साईबाबा आणि गजानन महाराजांच्या मंदिरांत गुरुवारी प्रसादाची शक्यता जास्त असते, हनुमान मंदिरांत शनिवारी व हनुमान जयंतीला, देवीच्या मंदिरांत नवरात्रात, आणि हरिनाम सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या दिवशी जवळजवळ नक्की. धुळ्याचे एकवीरा देवी मंदिर किंवा मुक्ताईनगरचे संत मुक्ताईचे स्थान येथे यात्रा-उत्सवाच्या काळात ठिकठिकाणी पंगती उठतात. एकादशीला मात्र बहुतेक ठिकाणी फराळच मिळेल. त्या दिवसाची भिस्त मंदिरावर ठेवू नये, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पारण्याची चौकशी करावी. रमजानच्या महिन्यात अनेक मशिदींच्या बाहेर इफ्तारच्या वेळी फळे, भजी व खिचडी वाटली जाते आणि मागणाऱ्याला परत पाठवत नाहीत.

वाटप करणाऱ्या मंडळांचा शोध आणि पारख

रोज किंवा आठवड्यातून ठरलेल्या वारी जेवण देणारी मंडळे बहुतेक शहरांत आहेत, पण ती जितक्या लवकर उभी राहतात तितक्या लवकर बंदही पडतात. इंटरनेटवरील नकाशात 'अन्नछत्र', 'रोटी बँक', 'मोफत भोजन' असे मराठीत लिहून शोधावे, मात्र मिळालेल्या पत्त्यावर जाण्यापूर्वी फोन करावा. त्याहून खात्रीची माहिती स्थानिक वर्तमानपत्राच्या शहर पानावर मिळते, कारण वाढदिवस व पुण्यतिथीनिमित्त केलेल्या अन्नदानाच्या बातम्यांत संस्थेचे नाव आणि ठिकाण दिलेले असते. प्रभागातील नगरसेवक, रोटरी व लायन्स यांसारखे क्लब, आणि किराणा बाजारातील जुने व्यापारी यांनाही विचारावे. अन्नदानासाठी लागणारे धान्य याच व्यापाऱ्यांकडून जाते, त्यामुळे कोण कुठे स्वयंपाक करते हे त्यांना माहीत असते.

फोनवर बोलताना लांबण लावू नये. 'आम्ही दोघे जण अमुक दवाखान्यात आहोत, आणखी पाच-सहा दिवस राहू, रात्रीच्या जेवणाची सोय नाही. तुमचे वाटप कुठे आणि किती वाजता असते?' एवढे पुरे. माणसे किती, दिवस किती आणि जेवण कोणते, हे तीन तपशील दिले की समोरच्याला मदत करणे सोपे जाते. वहीच्या एका पानावर वार, वेळ, ठिकाण आणि फोन असे लिहीत गेले, तर चार दिवसांत स्वतःचाच एक नकाशा तयार होतो. परत जाताना ते पान शेजारच्या खाटेवरील कुटुंबाला द्यावे.

अन्नाची पारखही करावी लागते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अशा हवेत दुपारी शिजलेले वरण व भात संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. लग्नातले उरलेले अन्न असेल, तर 'हे किती वाजता केले' असे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. भाताला तार सुटली असेल, वरणाला आंबूस वास येत असेल किंवा पनीर-दुधाचे पदार्थ कोमट झालेले असतील, तर ते नम्रपणे नाकारावे. पोळी, बट्टी, भाकरी, चटणी यांसारखे कोरडे पदार्थ मात्र रात्रीसाठी ठेवता येतात. जो जेवणाच्या बदल्यात आधार कार्ड ठेवून घेतो, ओटीपी मागतो किंवा एखाद्या कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

मुले, गरोदर बाया आणि विद्यार्थी

केळी काढणीसाठी, जिनिंगवर किंवा बांधकामावर आलेली कुटुंबे मुलांना कामाच्या जागीच ठेवतात आणि त्यामुळे मुलांचे हक्काचे जेवण बुडते. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार असतो, त्याहून लहान मुलांसाठी आणि मातांसाठी घरी नेण्याचा आहार असतो. गावाकडे नोंद असली, तरी स्थलांतरित म्हणून शहरातील अंगणवाडीत नोंद करून घेता येते. त्यासाठी सेविकाताईंना गावच्या अंगणवाडीचे नाव आणि आईचे आधार कार्ड द्यावे. नंदुरबारसारख्या आदिवासी क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहारही अंगणवाडीत दिला जातो.

पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळेत दुपारचे जेवण मिळते. वर्षाच्या मध्ये आलो आहोत किंवा शाळा सोडल्याचा दाखला जवळ नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ज्यांना वसतिगृह मिळाले नाही, त्यांच्यासाठी अनुसूचित जमातींकरिता पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि अनुसूचित जातींकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दोन्हींत जेवण व निवासाची रक्कम खात्यात जमा होते. पैसे उशिरा येतात, म्हणून अर्ज प्रवेशाच्या वेळीच करावा आणि तोपर्यंत महाविद्यालयाच्या 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करावी.

कंट्रोलचे धान्य

येथपर्यंतचे बरेचसे दुसऱ्याच्या चांगुलपणावर किंवा त्या त्या प्रसंगावर अवलंबून होते. स्वस्त धान्य दुकानातील धान्य, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजूनही कंट्रोलचे धान्य म्हणतात ते, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार मिळणारा हक्क आहे. म्हणून शहरात महिनाभराहून जास्त राहायचे असेल, तर सर्वाधिक वेळ यासाठी द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातील, कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्णपणे मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ही सवलत चालू ठेवलेली आहे. त्यामुळे या धान्यासाठी दुकानात एक रुपयाही देणे लागत नाही. गहू किती आणि तांदूळ किती हे दुकानातील फलकावर पाहावे.

पुष्कळ लोक येथे एक चूक करतात. कार्ड गावचे आहे म्हणून शहरात धान्य मिळणार नाही, असे ते धरून चालतात. 'एक देश एक रेशन कार्ड' या व्यवस्थेमुळे नवापूरच्या कार्डावर जळगावात आणि शिरपूरच्या कार्डावर सुरतेतही धान्य घेता येते. उधना-लिंबायत भागात कामाला असलेल्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवावे. मूळ कार्ड जवळ असण्याची गरज नाही. शिधापत्रिकेचा १२ अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक दुकानदाराला सांगायचा आणि पॉस मशीनवर, म्हणजे दुकानातील अंगठा घेऊन नोंद करणाऱ्या यंत्रावर, अंगठा लावायचा. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे बायामाणसांचे आणि वृद्धांचे अंगठे उमटत नाहीत, हे रोज घडते. अशा वेळी हात धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहावे, नाही जमले तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागावा किंवा घरातील दुसऱ्या सदस्याला पाठवावे. कार्डावरील सर्वांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे का, हेही त्याच मशीनवर विचारून घ्यावे. ती राहिली असेल तर त्या सदस्याचे धान्य थांबू शकते, आणि ती कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात मोफत करून मिळते.

कार्डाच्या रंगाविषयीही गैरसमज आहे. केशरी कार्ड असले म्हणजे मोफत धान्य मिळतेच असे नाही. कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का किंवा नोंद हवी. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. शिक्का नसेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करावा. तेथे 'इष्टांक संपला आहे' असे उत्तर मिळू शकते. इष्टांक म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या. हे उत्तर तोंडी ऐकून परत येऊ नये. अर्ज द्यावा, त्याची तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी आणि जागा रिकामी झाल्यावर विचार व्हावा असे अर्जातच लिहावे. मृत्यू, स्थलांतर व दुबार नावे कमी झाली की जागा होतात, आणि तेव्हा ज्याचा अर्ज फाइलमध्ये आहे त्याचाच विचार होतो. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि सांभाळणारे कोणी नसलेले ६० वर्षांवरील वृद्ध यांनी अंत्योदयसाठी अर्ज करावा. त्याच कार्यालयात संजय गांधी निराधार व श्रावणबाळ या दरमहा पैशांची मदत देणाऱ्या योजनांचेही काम चालते, म्हणून एकाच खेपेत दोन्हींची चौकशी करावी.

कार्डच नसेल आणि नवे काढायचे असेल, तर सर्वांचे आधार, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. अर्ज अडतो तो बहुतेक या शेवटच्या कागदावर. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डात राहिलेले असते, त्यामुळे माहेरी जाणे होईल तेव्हा हा दाखला आधीच आणून ठेवावा. कायद्याने कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव असते, अर्ज तसाच भरावा.

धान्य कमी दिले, पैसे मागितले किंवा पावती दिली नाही, तर आधी मशीनची पावती मागावी, कारण तिच्यावर तुमच्या नावे किती धान्य उचलले गेले ते छापलेले असते. मग १९६७ किंवा १८००२२४९५० या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक त्याच पावतीच्या पाठीमागे लिहून ठेवावा. तिथे दाद लागली नाही, तर तहसीलदार आणि जिल्हा पुरवठा अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करावा आणि पावतीची प्रत जोडावी.

घरातील दोघे शहरात आणि म्हातारे आई-वडील गावी असतील, तर सगळे धान्य एकाच ठिकाणी उचलण्याची सक्ती नाही. दुकानदाराला 'आमच्या दोघांचेच द्या' असे सांगावे. मशीनवर तेवढेच धान्य वजा होते आणि उरलेले त्याच महिन्यात गावच्या दुकानातून आई-वडिलांना घेता येते. मात्र आपण आधी किती उचलले ते त्याच दिवशी फोन करून त्यांना कळवावे, म्हणजे गावच्या दुकानात किती मागायचे हे त्यांना आधीच माहीत असेल.